कुसात्सुला उतरायचं कुठे?

जपानमधल्या गरम पाण्याच्या गावात मुक्काम ठरवताना बहुतेक जण उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी खोलीचे फोटो, मग भाडं, मग लोकांचे शेरे आणि सगळ्यात शेवटी, आठवण झालीच तर, पाणी. तोक्यो-ओसाकात हा क्रम चालून जातो, कारण तिथे खोली म्हणजे रात्री पाठ टेकायची जागा. डोंगरातल्या ओन्सेन-गावात, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात, माणूस मुळात पाण्यासाठी आलेला असतो. दिवसातून तीन-चारदा तो कुंडात उतरतो, रात्रीचं जेवण यजमान सांगतील त्या वेळेला जेवतो आणि अंधारात चढ चढून परत येतो. म्हणून इथे आधी पाणी बघावं, मग चढ-उतार, मग जेवण, आणि खोली शेवटी. हे समजून घ्यायला कुसात्सुसारखं गाव नाही.

कुसात्सु गुन्मा प्रांतात आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटरवर. शेजारच्या कुसात्सु-शिराने ज्वालामुखीच्या पोटातली उष्णता हेच गावाचं भांडवल. तो ज्वालामुखी जिवंत आहे. जानेवारी २०१८ मध्ये त्याच्या मोतोशिराने शिखराजवळ अचानक स्फोट झाला, दगड थेट स्कीच्या मैदानावर येऊन पडले आणि एकाचा जीव गेला. गावाला मात्र या डोंगराने पाणी उदंड दिलंय. मिनिटाला ३२,००० लिटरहून जास्त गरम पाणी पंपाशिवाय आपसूक वर येतं. नैसर्गिक उमाळ्यात जपानमध्ये कुसात्सुचा पहिला नंबर लावतात. गावाच्या मधोमध युबाताके म्हणजे ‘गरम पाण्याचं शेत’ आहे. इथला उमाळा एकटाच मिनिटाला सुमारे ४,००० लिटर पाणी देतो. ते सात लाकडी पन्हाळींतून वाहवत नेऊन निवतं करतात आणि तळाला बसलेला गंधकाचा पिवळा साका वेळोवेळी खरवडून काढतात. जपानचा त्या काळचा लष्करी शासक, शोगुन तोकुगावा योशिमुने, याने हे पाणी पिंपांत भरून एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, मागवलं होतं. युबाताकेभोवतीचा आजचा परिसर १९७५ मध्ये चित्रकार-शिल्पकार तारो ओकामोतो यांच्या आराखड्यातून आकाराला आला.

गावाची चौकशी करणाऱ्याला कुणी पटकन सांगत नाही ती गोष्ट अशी, की ‘कुसात्सुचं पाणी’ असं एकच काही नसतं. युबाताके, शिराहाता, जिझो, निकावा, साइनोकावारा आणि बांदाइको हे मुख्य उमाळे. प्रत्येक र्योकान, म्हणजे पारंपरिक निवासगृह, यातल्या एका किंवा दोन उमाळ्यांचं पाणी घेतं. मधल्या भागातल्या जुन्या घरांकडे शिराहाता किंवा युबाताकेचं पाणी असतं. युबाताकेजवळचं नाराया हे शिराहाताच्या पाण्यासाठी प्रसिद्ध आहे. बांदाइकोचं पाणी १९७० मध्ये गंधकाच्या खाणीचा बोगदा खणताना लागलं. उमाळ्यापाशी ते सुमारे ९५ अंश असतं, आणि गावाबाहेरच्या मोठमोठ्या हॉटेलांची भिस्त त्याच्यावरच आहे. सगळीच पाणी आंबट, युबाताकेचा पीएच साधारण २.१, म्हणजे जवळजवळ लिंबाच्या रसाइतका. बांदाइको त्याहून जहाल. शिराहाता त्यामानाने अंगाला मऊ लागतं असं जाणकार म्हणतात. दोन्हींत एकेकदा उतरलं की फरक अंगालाच कळतो, वाचून कळत नाही.

उमाळा कुठला हे कळल्यावर दुसरा प्रश्न, तो कुंडापर्यंत पोचतो कसा. इथे ‘गेन्सेन काकेनागाशी’ हे शब्द ओळखता आले पाहिजेत. उमाळ्याचं पाणी सतत आत सोडायचं, काठावरून वाहून जाऊ द्यायचं, तेच पाणी गाळून पुन्हा फिरवायचं नाही, असा त्याचा अर्थ. याच्या उलट ‘जुन्कान’ पद्धत. तिच्यात गाळण आणि क्लोरीन लावून तेच पाणी फिरत राहतं. बाकी जपानमध्ये जुन्कान खूप आहे, कारण सगळीकडे पाणी पुरत नाही. कुसात्सुत पाण्याला तोटा नाही आणि इतक्या आंबट पाण्यात जिवाणू तगत नाहीत, त्यामुळे काकेनागाशी हा इथला साधा रिवाज आहे. तो नसेल तर विचारावं, का नाही.

इथे खरी मेख गाळणीत नाही, थंड करण्यात आहे. ९५ अंशाचं पाणी ४२ वर आणायचं तर दोन रस्ते. नळाचं थंड पाणी मिसळणं हा सोपा आणि स्वस्त. दुसऱ्यात उमाळ्याच्या नळ्या थंड पाण्यातून नेऊन उष्णता काढून घेतात, मूळ पाणी पातळ होत नाही आणि गरम झालेलं साधं पाणी नळांना नाहीतर रस्त्यावरचा बर्फ वितळवायला वापरता येतं. कुसात्सुच्या हिवाळ्यात ओला, वाफाळणारा पण बर्फ नसलेला रस्ता दिसला, की त्याच्याखाली बांदाइकोची ऊब आहे असं समजावं. जुना तिसरा उपाय युमोमि. सुमारे १८० सेंटिमीटर लांबीच्या फळ्यांनी कुंड घुसळायचं, म्हणजे पाणी न मिसळता निवतं. युबाताकेशेजारच्या नेत्सुनोयुमध्ये हे आता तिकीट लावून दाखवतात. घरच्या कुंडाशी भिंतीला अशी एखादी फळी टेकवलेली दिसली तर ती शोभेची नाही, पाहुण्याने हात चालवावा म्हणून ठेवलेली आहे.

ही माहिती लपवता येत नाही, हे बाहेरच्या पाहुण्याच्या पथ्यावर पडतं. २००४ मध्ये नागानो प्रांतातल्या शिराहोने ओन्सेनमध्ये काही ठिकाणी पाण्याला दुधी रंग यावा म्हणून पूड टाकत असल्याचं उघड झालं, तेव्हा देशभर गहजब झाला. त्यानंतर २००५ पासून पाणी मिसळतो का, तापवतो का, फिरवतो का, औषध टाकतो का, हे कारणासह कपडे बदलण्याच्या खोलीत लावणं बंधनकारक झालं. त्याशेजारी पाण्याच्या तपासणीचा तक्ता असतो, त्यात उमाळ्याचं नाव, तापमान आणि पीएच सापडतो. बहुतेक घरं हीच माहिती संकेतस्थळावरही देतात. खोलीचे तीस फोटो आणि उमाळ्याचं नाव मात्र कुठेच नाही, असं घर मी यादीत खाली ढकलतो. खोलीतच उघडं कुंड आहे अशी जाहिरात असेल तर जास्तच सावध राहावं. त्या कुंडात उमाळ्याचं पाणी आहे की नळाचं तापवलेलं, हे नेमकं विचारावं. दोन्ही प्रकार विकले जातात, आणि फोटोत दोन्ही सारखेच दिसतात.

हे पाणी काय करतं तेही मुक्कामाआधी माहीत हवं. गावातून वाहणाऱ्या युकावा नदीत लोखंडी खिळा ठेवला तर काही दिवसांत सुईसारखा बारीक होतो. खालच्या खोऱ्यातली शेती, पूल आणि मासे वाचावेत म्हणून १९६४ पासून या नदीत रात्रंदिवस चुन्याचं पाणी सोडून आंबटपणा मारतात. माणसाच्या कातडीवर तेच पाणी खरचटलेल्या जागी झोंबतं आणि डोळ्यात गेलं तर चांगलंच चुरचुरतं, म्हणून लहान मुलांना कुंडात पाणी उडवू देऊ नये. त्यातला गंधक चांदी काळी करतो. मराठी घरातल्या बायकांना याचा नेमका फटका जोडव्यांना बसतो. एका बुडीतच ती राखाडी-काळी होतात, आणि गरम पाण्याने बोटं सुजली की निघतही नाहीत. निघण्याआधी घरीच काढून ठेवलेली बरी. पैंजण, चांदीची चेन, खडे बसवलेल्या अंगठ्या यांचंही तेच. मंगळसूत्रात तांब्या-चांदीचा भेसळ असलेला भाग असेल तर तोही डागळतो.

पहिल्या दिवशी पाच-सात मिनिटांच्या वर आत बसू नये. आत जाण्यापूर्वी बादलीने कुंडातलंच पाणी पायांपासून वर, आणि जुन्या पद्धतीने डोक्यावर तीसेक तांबे घेतले की भोवळ येत नाही. दारू पिऊन उतरू नये. रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरला विचारूनच. दिवसातून पाच-सहा वेळा उतरण्याचा हट्ट धरणाऱ्यांच्या अंगावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज आणि पुरळ येतं. यालाच जपानी लोक ‘युआतारि’ म्हणतात. बाहेर पडताना साध्या पाण्याने अंग धुवायची सोय घरात आहे का, हे नाजूक कातडीच्या माणसाने म्हणूनच बघावं. गावातल्या फुकटच्या स्नानघरांत ती नसते.

आता चढ-उतार. कुसात्सु वाटीसारखं आहे आणि युबाताके वाटीच्या तळाशी. बस स्थानक वरच्या काठावर. स्थानकापासून खाली चालत पाच-सात मिनिटं लागतात. येताना हे काहीच वाटत नाही, पण परतीला तेच अंतर ओढत्या बॅगेसह चढायचं असतं, आणि मधले रस्ते दगडी फरशीचे. चाकांची मोठी बॅग इथे डोक्याला ताप होते. बऱ्याच घरांची गाडी स्थानकावर न्यायला येते. बहुधा स्थानकावर उतरल्यावर फोन करायचा असतो, काहींना मात्र वेळ आधी कळवावी लागते. नकाशावरचं अंतर इथे फसवतं, कारण त्यात उंची दिसत नाही. नकाशावर ‘युबाताकेपासून ४०० मीटर’ दिसलं की त्यात पायऱ्या किती, हे रस्त्याच्या फोटोंत पाहून घ्यावं. कोसेन्जी मंदिराकडच्या दगडी पायऱ्या युबाताकेतून दिसायला सुंदर आहेत, पण गुडघे दुखणाऱ्याला रात्री त्या चढून परतायला सांगू नये.

राहायला ढोबळमानाने चार जागा. एक, युबाताकेला लागून किंवा दोन-तीन मिनिटांवर. भाडं जास्त, पण सगळं गाव पायाशी. दुसरी, मागच्या बाजूची जिझोची गल्ली. अलीकडे ती नीटनेटकी केली आहे आणि रात्री शांत असते. तिसरी, साइनोकावाराकडे जाणारा रस्ता. दुकानांची वर्दळ आणि टोकाला उघड्यावरचं मोठं कुंड. चौथी, गाव सोडून वरच्या रानात किंवा स्कीच्या बाजूला पसरलेली मोठी हॉटेलं. खोल्या प्रशस्त, पार्किंग मोकळं, मुलांना खेळायला जागा, पण गावात यायला हॉटेलची बस धरावी लागते आणि तिची शेवटची फेरी ठरलेली असते.

एकच रात्र असेल तर पहिली किंवा दुसरी जागा घ्यावी, यात मला शंका नाही. दिवसाची गर्दी पाच वाजेपर्यंत ओसरते, आणि युकाता म्हणजे सुती झगा घालून, लाकडी पादत्राणं खटखट वाजवत रात्री नऊला आणि पहाटे सहाला गाव बघायला मिळतं ते इथेच. दोन-तीन रात्री असतील, मुलं असतील किंवा गाडी असेल तर चौथीत गैर काही नाही. युबाताके दिसणाऱ्या खोलीसाठी वेगळे पैसे घेतात. ते देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. खिडकी बंद ठेवावी लागते, कारण गंधकाचा वास येतो. शनिवारी रात्री उशिरापर्यंत खालून गलका चालू असतो. आणि तेच दृश्य चपला घातल्या की दोन मिनिटांत फुकट बघता येतं. ते पैसे जेवणाच्या वरच्या पायरीला किंवा खासगी कुंडाला लावावेत.

गावातली बाहेरची स्नानघरं हिशेबात धरली की मुक्कामाचं गणितच बदलतं. शिराहातानोयु, चियोनोयु आणि जिझोनोयु ही तीन स्नानघरं बाहेरच्यांना मोफत खुली आहेत. बाकीची गावकऱ्यांची आहेत, तिथे पाहुण्याने घुसू नये. या तिघांत कपडे ठेवायला फळ्या आणि एक-दोन कुंडं, बाकी काही नाही. साबण, शॉवर, कुलपाची पेटी यांची अपेक्षा नको. पैसे मौल्यवान वस्तूंसह मुक्कामीच ठेवून जावं. छताला वाफ आणि वायू बाहेर जायला उंच फटी असतात, त्यामुळे हिवाळ्यात खांद्यावर गार वारा आणि मानेखाली ४५ अंशांचं पाणी असा प्रकार होतो. त्या फटी बुजवायच्या नसतात, गंधकाचा वायू साचला तर जिवावर बेततं. तिकिटाच्या स्नानगृहांत ओताकिनोयुची ‘आवासेयु’ नवख्याने आवर्जून घ्यावी. सौम्य ते कडक अशा चढत्या तापमानाची कुंडं ओळीने आहेत, त्यामुळे आपल्याला कितपत झेपतं याचा अंदाज एका तासात येतो. हे सगळं चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे कुसात्सुत मुक्कामाच्या घराचं स्वतःचं कुंड साधं असलं तरी चालतं. स्वस्त, जेवणाशिवायची खोली आणि बाहेरची पाच कुंडं हाही एक चांगला बेत आहे.

दुसऱ्या गावात हे गणित वेगळं लागतं. नागानोतल्या नोझावा ओन्सेनमध्ये गावकऱ्यांनी सांभाळलेली तेरा मोफत स्नानघरं आहेत, म्हणून तिथेही घर साधं घेतलं तरी बिघडत नाही. त्याच प्रांतातल्या शिबु ओन्सेनमध्ये नऊ स्नानघरं आहेत, पण त्यांची किल्ली मुक्कामाच्या पाहुण्यालाच मिळते. दिवसाची सहल करून परतणाऱ्याला बहुतेक दारं बंदच. क्यूशूतल्या कुरोकावात १९८६ पासून लाकडी चकतीचा पास आहे, त्यावर तीन घरांची कुंडं बघता येतात. तिथे घरं दरीत विखुरलेली, प्रत्येकाचं कुंड वेगळं, त्यामुळे राहायचं त्या घराचं कुंड जास्त विचार करून निवडावं. गाव कुठलंही असो, बुकिंगच्या आधी हा एक प्रश्न विचारावा: बाहेरची स्नानघरं कुणासाठी?

एकत्र, विवस्त्र स्नानाचा संकोच बऱ्याच मराठी प्रवाशांना असतो. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत आपण कपड्यांसकट उतरतो. इथे पोहण्याचा पोशाखही चालत नाही, आणि कुंडाबाहेर स्टुलावर बसून साबणाने अंग धुतल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही. छोटा टॉवेल हातात असतो, तो पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर घडी करून ठेवायचा. पुरुष-स्त्रियांची कुंडं वेगळी असतात आणि बऱ्याच घरांत रात्रीतून त्यांची अदलाबदल होते, म्हणजे दोघांनाही दोन्ही बघता यावीत. काल डावीकडे गेलो म्हणून आज डावीकडेच शिरण्याआधी दारावरच्या पडद्याचा रंग बघावा. संकोच जात नसेल तर ‘काशिकिरि’ म्हणजे दार लावून घेता येणारं कुंड असलेलं घरच निवडावं. साधारण चाळीस-पन्नास मिनिटांची पाळी असते. काही घरांत ती फुकट, दारावर पाटी उलटवली की आपली, तर काहींत आल्याबरोबर काउंटरवर वेळ घ्यावी लागते. चांगल्या वेळा दुपारी तीनलाच संपतात. आजीच्या हातावरचं गोंदण ही भारतीय कुटुंबातली अडचण आहे. गोंदण म्हणजे टॅटूच, आणि अनेक ठिकाणी त्याला मनाई असते. छोटं असेल तर कातडीच्या रंगाची पट्टी लावून चालतं, तेही आधी विचारून. काशिकिरिमध्ये हा प्रश्न येत नाही. लंगोटातल्या बाळाला सामायिक कुंडात बहुधा नेऊ देत नाहीत.

मराठी माणसाचा मुक्काम खरा फसतो तो जेवणात. र्योकानचं भाडं बहुधा ‘एक रात्र, दोन जेवणं’ असं असतं, आणि रात्रीचं जेवण म्हणजे आठ-दहा लहान लहान पदार्थांची रांग: मासा, मांस, कंद, लोणचं, सूप, भात. ते दुपारपासून शिजत असतं, वेळ सहा किंवा साडेसहा, उशिरा आलात तर तुमच्यासाठी थांबत नाहीत. शाकाहारी माणसाने ‘व्हेजिटेरियन’ एवढाच शब्द लिहून भागत नाही. भाजीच्या ताटलीतही ‘दाशी’ म्हणजे सुकवलेल्या कात्सुओ माशाच्या किसाचा रस्सा असतो. मिसो सूप, उकडलेली भाजी, टोफूवरचा रस, सोबा नावाच्या शेवया बुडवायची वाटी, सगळ्यात तोच. स्वयंपाक्याच्या दृष्टीने मासा दिसत नाही म्हणजे ताट शाकाहारी, आणि यात फसवणूक नाही, समज वेगळी आहे. म्हणून काय चालत नाही ते एकेक करून लिहावं: मांस नाही, मासे नाहीत, कात्सुओची दाशी नाही, कोंबूच्या म्हणजे समुद्रशैवालाच्या किंवा शिइताके मशरूमच्या दाशीला हरकत नाही, अंडं चालतं की नाही, कांदा-लसूण चालतो की नाही. जपानीत थोडक्यात: ‘निकु, साकाना, कात्सुओ नो दाशी, झेम्बु नाशि दे ओनेगाइ शिमासु.’ हे बुकिंगबरोबरच, निदान आठवडाभर आधी पोचलं पाहिजे. त्या दिवशी काउंटरवर सांगून काही होत नाही.

काही घरं नम्रपणे नाही म्हणतात. त्याचा राग मानू नये. वेगळं भांडं, वेगळी दाशी सांभाळायला छोट्या घरात माणसं नसतात, आणि भलतंच काही वाढण्यापेक्षा नकार प्रामाणिक आहे. मग दोन वाटा. एक, मोठ्या हॉटेलातला बुफे, त्याला तिथे ‘बाइकिंगु’ म्हणतात. भात, पाव, सॅलड, फळं, तळलेल्या भाज्या यांत निम्मे शाकाहारी-निम्मे मांसाहारी अशा कुटुंबाची सोय सगळ्यात बरी लागते, तरी रश्शाच्या भांड्यांपासून दूर राहावं. दुसरी वाट म्हणजे ‘सुदोमारि’, जेवणाशिवायची खोली. त्यात पथ्य एकच. गावातली उपाहारगृहं थोडी आहेत, बरीच रात्री आठच्या सुमारास बंद होतात, शनिवारी बाहेर रांगा असतात आणि माइताके मशरूमच्या कुरकुरीत टेम्पुरासोबत, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या भज्यांसोबत, येणारी वाटी कात्सुओचीच असते. टेम्पुरा मिठाबरोबर मागता येतो. खोलीत विजेची किटली असतेच, तेव्हा गरम पाण्यात होणारे पोहे-उपम्याचे पुडे, शेंगदाण्याची चटणी, दशम्या बरोबर असाव्यात. र्योकानात साधा भात मागाल तेवढा मिळतो, आणि मेतकुटाची डबी त्याच्यासाठी न्यावी. आपला डबा मात्र खोलीत उघडावा, जेवणघरात नाही. गोड खाणाऱ्याला ओन्सेन मान्जु हा वाफवलेला गोळा चालतो, आत अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड पुरण असतं. हानामामे नावाचे मोठे जांभळे वाल इथल्या थंड डोंगरावर पिकतात, ते साखरेत शिजवून विकतात. खाण्याजोगे आहेत.

खोलीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तातामीची खोली आठ किंवा दहा चटयांची, म्हणजे तेरा ते सोळा चौरस मीटर. गाद्या जेवणाच्या वेळी अंथरून जातात. जमिनीवरून उठायला त्रास होणाऱ्याने पलंग असलेली ‘वायोशित्सु’ मागावी आणि जेवायला खुर्ची-टेबल आहे का विचारावं. तीन मजली जुन्या लाकडी घरात लिफ्ट नसू शकते, आणि स्वस्त खोलीत शौचालय बाहेर असू शकतं. खोलीतल्या न्हाणीत नळाचं साधं पाणी येतं, तिचा उपयोग अंगावरचं आंबट पाणी धुवायला.

पैशांच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: र्योकानचं भाडं खोलीमागे नसून माणशी असतं. दोघांसाठी शोध घेऊन २०,००० येन दिसले म्हणजे ते माणशी आहेत की एकूण, हे आधी बघावं. जालान, राकुतेन ट्रॅव्हल अशा जपानी संकेतस्थळांवर दोन्ही प्रकारे आकडे दाखवतात. साधारण अंदाज द्यायचा तर सुदोमारि माणशी सहा-दहा हजार येन, दोन जेवणांसह पंधरा ते तीस हजार, त्यापुढे हवं तितकं. ओन्सेनचा कर वेगळा असतो, तो बहुधा जागेवर रोख घेतात. एकट्या माणसाला शनिवारी खोली देत नाहीत किंवा जास्त घेतात. शनिवार, मेच्या सुरुवातीची सुट्टी, ऑगस्टच्या मध्यातला ओबोन हा पितरांचा सण, ऑक्टोबरच्या मध्यातली लाल पानं आणि वर्षअखेर सोडून मंगळवार-बुधवार धरला तर तेच घर बरंच स्वस्त पडतं.

पोचण्याची वेळ मुक्कामाशी जुळवावी लागते. तोक्योतल्या उएनोहून ‘कुसात्सु-शिमा’ एक्सप्रेस नागानोहारा-कुसात्सुगुचि स्टेशनला सुमारे सव्वादोन-अडीच तासांत नेते, पण दिवसाकाठी मोजक्याच फेऱ्या. तिथून बस साधारण पंचवीस मिनिटं. तोक्योतल्याच शिंजुकूहून थेट बस आहे, चारेक तासांची, शनिवारी रस्ता तुंबला की जास्त. कारुइझावाहून डोंगरातली बस सव्वा तासाहून थोडी जास्त. खोली तीनला मिळते आणि जेवण सहाला, म्हणून दोन-अडीचपर्यंत गावात पोचलेलं सगळ्यात बरं. सामान काउंटरवर टाकून एक स्नानघर बघून होतं. पाचनंतर पोचणार असाल तर सकाळीच कळवावं, न कळवता जेवण चुकलं तर त्याचे पैसे परत मिळत नाहीत.

दोनपेक्षा जास्त रात्री मोकळ्या असतील तर सगळ्या कुसात्सुतच घालवू नयेत. जुने लोक इथल्या जहाल पाण्यानंतर सावातारि ओन्सेनला जाऊन शेवटचं स्नान करत. ते गाव डोंगराच्या पलीकडे, पाणी सौम्य, आंबटाने तडकलेली कातडी तिथे निवते. शिमा ओन्सेनही त्याच बाजूला आहे आणि तिथे राहायची सोय जास्त. दोन रात्री कुसात्सु, तिसरी शिमा किंवा सावातारि, हा क्रम ठेवावा. उलट केला तर घरी परतताना अंगाला खाज घेऊन परताल. मध्ये नाकानोजो स्टेशनवरून बस बदलावी लागते आणि दुपारनंतर फेऱ्या विरळ होतात, तेव्हा कुसात्सुहून सकाळी दहाला खोली सोडल्या सोडल्या निघावं. शेवटची अंघोळ त्या सकाळी सातच्या आत उरकावी, कारण आठ-नऊनंतर बऱ्याच घरांत कुंड धुवायला बंद करतात.